ऐकायचं दुसऱ्याचं, गायचं आपलं

आमच्या घरमालकीणबाईंना एकाही गाण्याची चाल धड येत नव्हती, आणि तरी त्या दिवसभर गात असायच्या. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसा खुशाल. मीही सुरुवातीला हसले, मग वैतागले, आणि मग त्यांच्याकडून जे काही शिकले त्यावर माझं आजपर्यंत चाललंय, नोकरीसकट.

मी मूळची अकोल्याची. हडपसरच्या आजूबाजूची शेतं जाऊन तिथे काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या, त्या दिवसांत मी पुण्यात आले. सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी होती, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांना राग येणार नाही अशा इंग्रजीत कळवायच्या. राहायला जागा मिळाली ती गाडीतळापासून आत, एका दुमजली घरात. खालच्या मजल्यावर सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले दादा आणि त्यांचं कुटुंब, वरच्या मजल्यावर त्यांची धाकटी बहीण. ही बहीण एका मिशन हॉस्पिटलात जन्मभर नोकरी करून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली. लग्न केलेलं नव्हतं. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, इतकी की सख्खा भाऊसुद्धा सिस्टरच म्हणायचा.

जागा बघायला गेले तेव्हा त्यांनी दारातच मुलाखत घेतली.

"मांसाहार?"

"करते."

"खोटं बोलतेस?"

"गरजेपुरतं."

"गाता येतं?"

"मुळीच नाही."

"छान. म्हणजे अजून कोणी बिघडवलेलं नाही. सामान आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले ती त्यांच्या गाण्याने. शब्द ओळखीचे होते, लहानपणापासून रेडिओवर ऐकलेले. चाल मात्र भलतीच. जिथे चढायचं तिथे बाई उतरायच्या, जिथे थांबायचं तिथे चालायला लागायच्या. बाप्पा! म्हटलं, यांना ऐकू कमी येतं की काय? खोलीत माझ्याबरोबर नांदेडची एक मुलगी होती, आमच्याच कंपनीतली. ती पांघरुणातूनच म्हणाली, "ती खालची चाल आहे."

"खालची म्हणजे?"

"विचारू नकोस. विचारलंस की लसूण सोलत बसावं लागतं."

मी विचारलं, आणि बसावं लागलं.

हकिकत अशी होती. मॅट्रिक झाल्या झाल्या सिस्टर नर्सिंगला गेल्या. मिशन हॉस्पिटल, त्यामुळे रविवारच्या प्रार्थनेला शिकाऊ नर्सनी गायचं असा शिरस्ता. तिथल्या बाईंनी पोरींना ओळीत उभं करून एकेकीचा आवाज ऐकला आणि भाजी निवडावी तशा निवडल्या. बारीक आवाजाच्या इकडे, जाड आवाजाच्या तिकडे. बारीक आवाजवाल्यांना गाण्याची मूळ चाल. जाडवाल्यांना त्याच शब्दांची दुसरी चाल, खालून जाणारी. दोन्ही चाली वेगवेगळ्या खोल्यांत शिकवायच्या आणि मग एकदम गायला लावायच्या. सिस्टर जाडवाल्यांत होत्या. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत त्या खालचीच चाल गायल्या.

"घर बौद्धांचं आणि गाणी चर्चची, कोणी काही म्हणालं नाही?" मी विचारलं.

"धम्म माझा, सूर त्यांचे. अडलं कुठे?"

पुढे हॉस्पिटल नव्या लोकांनी घेतलं. दारांना काचा आल्या, प्रार्थना बंद झाली. बारीक आवाजाच्या मैत्रिणी पांगल्या. एक आखातात गेली, एक मुलाकडे अमेरिकेत, एक वारली. सिस्टरकडे उरल्या नुसत्या खालच्या चाली. पण तोवर सवय अशी हाडात मुरली होती की कुठलंही गाणं कानावर पडलं की त्या त्याच्या खालून जाणारी आपली एक चाल रचायच्या आणि तीच गायच्या. सिनेमाचं गाणं असो, साबणाची जाहिरात असो. मूळ चाल म्हणा म्हटलं तर मान हलवायच्या.

"ऐकलीय. गायलेली नाही. शेजारणीचं घर रोज दिसतं, म्हणून आपण तिथे जाऊन झोपतो का?"

आता ऐकणाऱ्याची पंचाईत बघा. शब्द ओळखीचे, चाल अनोळखी. त्याला वाटणार, बाई चुकतायत. सगळ्या गल्लीला तसंच वाटायचं, आणि सगळ्यात जास्त दादांना. दादा स्वतः पट्टीचे गाणारे. विहारात कार्यक्रम असला की लोक त्यांच्यासाठी थांबायचे. खालच्या मजल्यावर ते रियाजाला बसले आणि वरून सिस्टरचं सुरू झालं की ते हार्मोनियमचा भाता बंद करायचे आणि जिन्यात येऊन शांतपणे म्हणायचे, "सिस्टर, पेशंट सगळे बरे होऊन घरी गेलेत. आता कण्हणं बंद केलं तरी चालेल." आलेल्या-गेलेल्याला सांगायचे, "आमच्या सिस्टरच्या हाताला यश आहे, गळ्याला नाही." माणूस वाईट नव्हता हो. बहिणीचं पान वाढल्याशिवाय जेवायला बसत नसे. पण सुराच्या बाबतीत आपल्याला कळतं याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

सिस्टरची शिकवण्याची तऱ्हा सांगते. आम्हा दोघींना समोरासमोर बसवायचं, मध्ये लसणाचं ताट. नांदेडचीने वरची चाल गायची, मी खालची. दोन ओळी गेल्या की मी हमखास तिच्या चालीत घसरायची. एकदा मी वैतागून कानात बोट घातलं. सिस्टरनी हातावर अशी चापट मारली की लसूण उडाला.

"बोट काढ. न ऐकता कोणीही गाईल. रस्त्यावरचे हॉर्न दुसरं काय करतात? ऐकायचं दुसऱ्याचं, गायचं आपलं."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आज भाजीत मीठ जास्त झालं तरी मला तेच आठवतं. बाकीचे नियमही होते. ती चढली की तू उतर. ती एका सुरावर थांबली की तेवढ्यात तू चालून घे. सारखं अंतर ठेवून तिच्या मागे मागे जाऊ नकोस, पाळलेल्या कुत्र्यासारखी. शेवटी घरी मात्र दोघींनी एकत्र पोचायचं.

मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "म्हणजे साथ करायची."

झालं! सिस्टर सोलता सोलता थांबल्या. "साथ नाही. साथ करणारीला एकटीला सोड, तिच्याकडे गाणंच नसतं. तुझी चाल एकटीने म्हटली तरी गाणं झाली पाहिजे. दोन बायका एका घरात राहतात, दोघी कमावत्या. कोणी कोणाच्या जिवावर नाही. असं गायचं."

जमायला फार वेळ लागला. पण एका संध्याकाळी कधी नव्हे ते मी घसरले नाही. नांदेडची वर चढत होती, मला तिचं सगळं ऐकू येत होतं आणि तरी मी माझ्या वाटेने खाली निघाले होते, आणि आमच्या दोघींच्या मध्ये तिसरंच काहीतरी वाजायला लागलं, जे आम्ही दोघीही गात नव्हतो. मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच, आणि गाणं मोडलं. सिस्टर म्हणाल्या, "हं. आता खोबरं किसायला घे." त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

वॉर्डात आयुष्य गेल्यामुळे त्यांचे कान विलक्षण होते. डॉक्टर औषधं सांगत असताना कोपऱ्यातल्या खाटेवरच्याचा खोकला बदलला हे त्यांना कळायचं म्हणे. आमच्या बाबतीतही तेच. जेवताना मी एका बाजूने साहेबांबद्दल कुरकुर करत असायची, दुसऱ्या बाजूने नांदेडची तिच्या स्थळाबद्दल. सिस्टर भात कालवत दोन्ही ऐकायच्या आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणायच्या, "राजीनामा देऊ नकोस," आणि तिच्याकडे बघून, "तू दे, नकार."

सुट्टीच्या दिवशी त्या आम्हाला सिटी बसने थेट मंडईत न्यायच्या. हडपसरला भाजी मिळत नव्हती असं नाही. तर मंडईत दोन बायका शेजारी शेजारी बसायच्या, एक लिंबं-मिरच्या विकायची, दुसरी पालेभाज्या. त्यांचं हाडवैर होतं. सिस्टर आम्हाला त्यांच्यापासून जरा अंतरावर उभं करायच्या. "डोळे मीट आणि हाका ऐक." लिंबंवालीची हाक आखूड, तुटक, वर उडणारी. मेथीवालीची लांब, ओढलेली. आणि खरं सांगते, एकीची हाक दुसरीवर कधी पडायची नाही. हिने ओढ घेतली की ती आत शिरायची, ती थांबली की ही उचलायची. "बोलत नाहीत एकमेकींशी," सिस्टर म्हणाल्या, "पण ऐकतात बघ किती." मग मेथीवालीकडून मेथी घ्यायच्या आणि तिला सांगायच्या, "तुझ्या शेजारणीचा आवाज फार छान आहे हो." मेथीवाली तोंड वाकडं करून म्हणायची, "असंल! मला काय करायचंय!" आणि आम्ही निघालो की लगेच हाक द्यायची, मघापेक्षा जोरात.

त्याच सुमारास मी नवीन मोबाइल घेतला, पॉलिफोनिक रिंगटोनवाला. तेव्हा त्याचं फार अप्रूप होतं. आधीचे फोन एका वेळी एकच सूर काढायचे, हा दोन-तीन काढायचा. घरी येऊन मी ऐटीत रिंगटोन वाजवली. सिस्टर पोळी तव्यावर टाकून आल्या आणि फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. पोळी करपली.

"परत लाव."

लावली.

"खाली दुसरी चाल आहे गं याच्यात!"

"हो, तेच तर नवीन आहे."

"बघ," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांचा चेहरा पडला. "एवढ्याशा डबीला कळतं. माझ्या भावाला कळत नाही."

तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की बाईंना हे लागलेलं आहे, खोलवर लागलेलं. तोवर मी त्यांना दादांच्या टोमण्यांवर नुसतं खांदे उडवतानाच बघितलं होतं.

कारण त्यांच्या घराची एक रीत होती. वडिलांची गायन पार्टी होती. वस्त्यावस्त्यांतून ते गात फिरायचे, पोरं बरोबर. त्यांनी स्वतः एक लग्नाचं गाणं रचलं होतं. घरातल्या प्रत्येक मंगल परिणयात ते गाणं घरच्या लेकरांनीच म्हणायचं, बाहेरच्याने नाही. त्यात एक ओळ होती, "दारावर पाटी दोघांची लावा." पेटी नाही, नुसती ढोलकी आणि टाळ्या. सिस्टर नर्सिंगच्या वसतिगृहातून पहिल्यांदा सुट्टीवर आल्या, कुठल्याशा चुलतबहिणीचं लग्न होतं, आणि त्या गाण्यात त्यांनी हौसेने खालची चाल लावली. दादा गाता गाता अडखळले, लोक हसले. पुढच्या लग्नात वडिलांनी सिस्टरच्या हातात फुलांचं ताट दिलं. त्यानंतर घरातली सगळी लग्नं झाली, भावंडं म्हणत राहिली, आणि सिस्टर ताट धरून बाजूला उभ्या राहिल्या. वडील गेले, तरी ताट तसंच.

"मी सांगायचा प्रयत्न केला होता," त्या म्हणाल्या. "पण घरात एकदा नाव पडलं की पडलं."

त्या एवढ्यावर थांबल्या नव्हत्या. त्यांनी त्या गाण्याची खालची चाल मनात घोळवून घोळवून पुन्हा रचली होती. कशी, ते ऐका. दादा खाली रियाजाला बसले की या खिडकीत टेपरेकॉर्डर ठेवून त्यांचं गाणं कॅसेटवर घ्यायच्या. मग दादा बाहेर गेले की ती कॅसेट लावून त्याखाली आपली चाल बसवायच्या. एखादं वळण पसंत पडलं नाही तर मोडायचं, पुन्हा करायचं. "दादा माझ्याबरोबर गात नाही, त्याची कॅसेट गाते. कॅसेटला मतं नसतात." नांदेडची म्हणाली, "मग दोन्ही आवाज टेप करून दादांना ऐकवा ना." सिस्टर ताठ बसल्या. "पुरावे द्यायला मी काय कोर्टात उभी आहे? भाऊ आहे तो माझा."

आम्ही दोघींनी मात्र ठरवलं की जगाला हे ऐकवायचंच. बुद्धपौर्णिमेला विहारात कार्यक्रम होता, तिथे आम्ही वस्तीतल्या चार मुली गोळा करून एक गाणं दोन चालींत बसवलं. अर्ध्या मुली एका माईकवर, अर्ध्या दुसऱ्यावर. सिस्टर इस्त्रीची पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत. आम्ही गायलो, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि खाली उतरलो तर सिस्टरचा चेहरा कोरा. खालची चाल त्यांना ऐकूच आली नव्हती! मी साउंडवाल्याकडे गेले. तो पोरगा स्वतःवर इतका खूश होता काय सांगू.

"मॅडम, त्या माईकवाल्या मुली पार भरकटल्या होत्या ना. मी लगेच बंद केला. कुणाला कळलं पण नाही. सांभाळून घेतलं."

मी त्याला खाऊ की गिळू करणार होते. सिस्टरनी मला मागे ओढलं आणि त्याला म्हणाल्या, "कान चांगले आहेत तुझे. नर्सिंगला ये."

आणि मग दादांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा लोणी काळभोरचा, तिथल्याच एका कॉलेजात शिकवणारा. घरातलं हे शेवटचं लग्न. दादांच्या पिढीत आणि पुढच्या पिढीत आता लग्नाचं कोणी उरलं नव्हतं. म्हणजे वडिलांचं गाणं घरच्यांनी म्हणायची ही शेवटची वेळ. सिस्टरनी भाचीचं सगळं केलं, पांढऱ्या शालूपासून पाहुण्यांच्या अंथरुणांपर्यंत. आणि लग्नाच्या आधी दादा वर आले आणि जिन्यातच उभे राहून म्हणाले, "सिस्टर, सगळं तूच कर. तुझ्याशिवाय होणारच नाही. फक्त गाऊ नकोस. व्याही मंडळी गाणारी आहेत."

"बरं," सिस्टर म्हणाल्या.

ते गेल्यावर त्यांनी सगळा जिना धुऊन काढला. धुतलेलाच होता. मला असा राग आला ना! मी तरातरा खाली जाणार होते, पण नांदेडचीने माझं डोकं ओळखून मला बाथरूममध्ये कपडे पिळायला लावलं आणि स्वतः जाऊन नवरीलाच सांगितलं. नवरी आमच्याच वयाची, कंपनीतलीच, आणि आत्यावर जीव टाकणारी. तिने बापाला स्पष्ट सांगितलं, "आत्या गाणार नसेल तर माझ्या लग्नात गाणं नको."

दादा पुन्हा वर आले. या वेळी जरा घाम आलेला. "गा. पहिलं कडवं मी म्हणतो, दुसऱ्याला तू ये. आणि जरा हळू."

लग्नाच्या सकाळी मांडवात, ज्या बाईने असंख्य बाळंतपणं केली, माणसं हातात मरताना पाहिली, त्या बाईचे हात बर्फासारखे गार पडले होते. मी चोळत बसले. त्या म्हणाल्या, "मी चुकले तर चालेल गं. पण न चुकता मी चुकले असं त्याने म्हणायचं, हे आता सहन होणार नाही मला. एवढं एकदाच त्याला ऐकू येऊ दे."

बौद्धाचार्यांनी विधी पूर्ण केला, फुलं पडली, आणि ढोलकी सुरू झाली. दादा, त्यांचे दोन चुलत भाऊ आणि एका टोकाला सिस्टर. दादांनी पहिलं कडवं असं म्हटलं की व्याह्यांकडची माणसं माना डोलवायला लागली. डोळे मिटलेले, हात हवेत. दुसरं कडवं सुरू झालं आणि सिस्टर खालून आत शिरल्या.

पहिली ओळ सुरेख गेली. दुसऱ्या ओळीत दादांना एका सुरावर लांब थांबायचं होतं, आणि तेवढ्यात सिस्टरची चाल त्यांच्या पायाखालून चालू लागली. आणि दादा घसरले! हो, दादा. जन्मभर एकट्याने गायलेला माणूस, शेजारी दुसरी चाल असताना आपली धरून ठेवायची सवयच नव्हती त्यांना. ओळ संपेपर्यंत ते सरळ सिस्टरच्या चालीवर येऊन बसले, आणि त्यांच्या मागून दोन्ही चुलत भाऊ. मूळ चाल कोणीच गात नव्हतं. नांदेडचीने माझा दंड एवढा घट्ट पकडला की वळ उठला.

सिस्टरनी तसंच गात राहायचं होतं. मी असते तर राहिले असते. सगळ्या मांडवाला कळलं असतं कोण चुकलं ते. दादांना तर कळलंच असतं, मुलीच्या लग्नात, व्याह्यांसमोर.

सिस्टर एक क्षण थांबल्या. मग त्यांनी मान वर केली आणि मूळ चाल उचलली. वडिलांची चाल. जी त्या गात नाहीत असं आम्हाला सांगत आल्या होत्या, ती. आवाज बारीक झाला, वयाने जरा कापत होता, पण चाल अशी आली, जशी परकर-पोलक्यात वडिलांबरोबर फिरताना म्हटली असेल. वर सिस्टर आणि खाली तिघे भाऊ, आणि दोन्ही चाली पुन्हा जागच्या जागी. गाण्याचं काही म्हणजे काही बिघडलं नाही. फक्त माणसं बदलली.

दादांनी डोळे उघडले. आपण गातोय ती वडिलांची चाल नाही, हे त्यांना कळलं होतं. वडिलांची चाल बहिणीच्या तोंडून वरून येतेय, आणि आपल्या तोंडात जे आहे ते तिच्याशी घट्ट बसतंय, हेही कळलं होतं. सोडून वर जावं तर बहीण तिथे उभी. ते खालीच राहिले. तिसरं कडवं त्यांनी सिस्टरकडे बघत म्हटलं, लहान मुलाने रस्ता ओलांडताना मोठ्या माणसाकडे बघावं तसं. "दारावर पाटी दोघांची लावा" आलं, दोन्ही चाली शेवटच्या सुरावर येऊन टेकल्या, आणि मी भर मांडवात रडायला लागले. लोकांना वाटलं नवरीची मैत्रीण आहे, रडायचीच.

पाहुण्यांपैकी फारसं कुणाला काही कळलं नाही. एक बाई म्हणाल्या, "छान झालं, पण जरा वेगळंच वाटलं नाही?" एवढंच.

जेवणं सुरू झाल्यावर मी सिस्टरना शोधत गेले तर त्या हात धुवायच्या नळापाशी होत्या आणि समोर दादा. त्यांनी हात धुतले होते, पण नळ बंद करायचं राहून गेलं होतं.

"तू इतकी वर्षं हे गात होतीस?" दादा विचारत होते.

"हो."

"मग सांगायचं नाहीस?"

"दादा," सिस्टर म्हणाल्या, "गात तर होते."

सिस्टरनी नळ बंद केला, दादांचं मनगट हातात घेतलं, आणि मला वाटलं आता बहीण-भाऊ गळ्यात पडणार. तर त्या नाडी मोजत होत्या. "धावतेय. बस जरा," म्हणून त्यांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं.

दादा बसले. शेजारी मी, माझ्यापलीकडे सिस्टर. दादा मान खाली घालून स्वतःशीच काहीतरी गुणगुणायला लागले. मी कान दिला तर ती खालची चाल होती. एकटीच, वरच्या चालीशिवाय, मूळचे शब्द घेऊन. मध्येच थांबायचे, आठवायचे, पुन्हा ती ओळ धरायचे.

एवढ्यात नवऱ्या मुलाचे काका विड्याचं ताट घेऊन आले. उभे राहून त्यांनी जरा ऐकलं, आणि आपुलकीने दादांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दादा, धावपळीनं आवाज बसला का काय वं? चाल जरा चुकायला लागलीय."

दादांनी मान वर केली आणि माझ्या पलीकडे, बहिणीकडे पाहिलं. सिस्टर पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हो," दादा म्हणाले. "आजपासून अशीच चुकणार."